निळीची बाधा

सातारा, सोमवार

प्रिय पीरमहंमद,

शुक्रवारी सकाळी मी निळ्या अल्पीन गाडीवरून नारळ ओवाळून फोडला. मालकांनी, लालासाहेबांनीच सांगितलं होतं. यवतेश्वरच्या घाटात मी चालवत असताना ती दोनदा समोरच्या गाडीला घासता घासता वाचली, तेव्हापासून गाडीला बाधा झाली असं बंगल्यातल्या सगळ्यांनी धरलंय. पुन्हा असं झालं तर ते ती विकणार आहेत. मी हात जोडले खरे, पण देवाचं नाव ओठावर येईना.

सांगलीत तुझं गॅरेज होतं तेव्हा आपण दोघं हिचं इंजिन उतरवायचो, आठवतं? आता आटपाडीला बसून तू विचारतोस, मालकांनी आणलेली नवी पांढरी कशी आहे. नाव तेच, देश तोच, मध्ये पन्नास वर्षं. दोघी बुटक्या, दोघींत दोनच माणसं मावतात. पांढरी म्हणजे झोपेतलं चालणं. गिअर आपणच बदलते, घसरू लागली तर आपणच सावरते. कासच्या धुक्यातून जाताना चाकं जमिनीला आहेत की नाहीत, कळत नाही. निळीचं इंजिन पार मागे. वळणात भिऊन ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की शेपूट पुढे यायला बघते. पण तिचं फायबरचं अंग भजनातल्या वीणेसारखं घुमतं आणि मन गप्प होतं. पहाटे तिच्यात बसलो की मला जप वेगळा करावा लागत नाही.

आणि तिचं स्टिअरिंग डावीकडे. समोरून येणारं सगळं लांब, उजव्या अंगाला. पांढरीचं आपल्या गाड्यांसारखंच.

गड्या, तुला सांगतो. माझ्या उजव्या डोळ्याची कड विझलीय. सांगलीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. पांढरीत हे आणखी काही दिवस झाकून राहिलं असतं. निळी मात्र माझी पुरी नजर मागत होती आणि ती माझ्यापाशी नव्हती. बोल लागला तिला.

काल पालीला जाऊन खंडोबापुढे बसलो आणि तिथून थेट मालकांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आरं लेका अर्जुना, आमी गाडीला नावं ठेवत हुतो, आन् तू ऐकत हुतास व्हय रं?” मग आत चहा सांगितला. निळी विकणार नाहीत. पण तिला चालवणार कोण? मी तुझं नाव सांगितलंय. येशील का, एवढं विचारायला हे पत्र. दोन्ही चाव्या त्यांच्या हातात दिल्या आणि पोवई नाक्यापर्यंत चालत आलो. रस्ता ओलांडताना थांबलो, मान पुरती उजवीकडे वळवली, मग पाऊल टाकलं.

तुझाच,
अर्जुना