मशीनखालचं पाणी

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा! दुकानातून येऊन चपला काढते न काढते तोच खालच्या मजल्यावरचे शिंपी दारात. हातात मोतिया रंगाचा कोट — एक बाही लावायची बाकी, आणि खांद्यावर पिवळट डाग. "वहिनी, भांडायला आलो नाही. पण छतातून पाणी टिपकतंय. गिऱ्हाइकाला काय सांगू?" डाग पुसायला ओला रुमाल आणून दिला.

कपडे मी रविवारी आणि बुधवारी धुते. आज सोमवार. मग पाणी आलं कुठून?

नवरा म्हणाला, "कालचंच झिरपलं असेल. तू पाईप नीट लावला नसशील." नसशील! नऊ वर्षांत त्या मशीनच्या मागे वाकून बघितलेलं या घरात एकच माणूस आहे, आणि ते मी आहे.

बुधवार, ६ मार्च

मशीन पुढे ओढलं. पाईपला कुठे चीर आहे का, हात फिरवून पाहिलं. नाही. त्याचं टोक भिंतीतल्या नळीत सारून पट्टीने आवळलं. मग खालच्या कोपऱ्यातला फिल्टर काढला. दर पंधरा दिवसांनी काढते — एखादं बटण, थोडे केस, एवढंच निघतं. आज कापसाचा गोळा निघाला. मूठभर.

नवऱ्यापुढे धरला. "उशी फाटली असेल." म्हणजे उशी मशीनमध्ये टाकली कोणी? "मला काय विचारतेस?" — आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

डोकं फिरलं. मोठ्या अक्षरांत कागद लिहून मशीनवर चिकटवला. 'धुणं झाल्यावर दर वेळी फिल्टर साफ करणे. पाईप तपासणे. खिसे रिकामे करणे.' त्याच्यासाठी. वाचेल तेव्हा खरं.

गुरुवार, ७ मार्च

कागदावर पेन्सिलीने दुरुस्ती. 'पाईप' नाही, 'पाइप'. सासऱ्यांचं काम — अप्पा छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासायचे. खालच्याचं छत गळतंय आणि यांना ऱ्हस्व-दीर्घ सुचतंय. मी पाईपच लिहिणार.

दुपारी दुकानात शिंप्यांचा फोन. परत टिपकायला लागलं. आज तर मी मशीनला हातही लावला नाही. घरी येऊन अप्पांना विचारलं. दिवसभर घरात तेच असतात. "मला काही दिसलं नाही गं," म्हणाले आणि खोलीचं दार लावून घेतलं. हल्ली सारखं दार लावतात. कोणाला काही पडलेलंच नाही.

शनिवार, ९ मार्च

मेकॅनिक आला. मशीनपुढे आडवा पडून बॅटरी मारून बघितलं. "ताई, पाईप ठणठणीत आहे. फिल्टरच्या झाकणाचे आटे बघा, किती झिजलेत. कोणीतरी रोज उघडतंय आणि वाकडं बसवतंय. पाणी तिथून येतं." मी म्हटलं, मशीन तर आठवड्यातून दोनदाच चालतं. तो हसला. "दोनदा? अहो, हे रोज चालतंय." नवीन झाकण लावून गेला.

जेवताना नवऱ्याला धरलं. बॅडमिंटनचे कपडे तूच गुपचूप धुतोस, वर मलाच नावं ठेवतोस. खोटारडा म्हटलं त्याला. तो म्हणाला, "तूच धुतेस आणि विसरतेस." अप्पा अर्ध्या ताटावरून उठून गेले. जाऊ देत. मुलाला चार शब्द सुनवायचे सोडून उठून जाणं सोपं असतं.

रविवार, १० मार्च

बोलणं बंद.

मंगळवार, १२ मार्च

आज शिंप्यांच्या छताचा ढलपा पडला — ताटाएवढा, थेट कापड बेतायच्या टेबलावर. दोन मिनिटांपूर्वी ते तिथेच वाकून खडूने खुणा करत होते. त्यांची बायको जिन्यात भेटली. ढलप्याचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला आणि खाली उतरली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंगाचा नुसता तिळपापड झालाय. उद्या अर्धी रजा काढते. जो कोणी असेल त्याला मशीनपाशीच पकडते. मग बघू कोण काय विसरतं ते.

बुधवार, १३ मार्च

साडेबाराला किल्लीने दार उघडलं. अप्पा मशीनपुढे फरशीवर बसले होते, मांडीवर त्यांचीच ओली चादर. सुजलेल्या बोटांनी झाकण फिरवत होते. ते फिरत नव्हतं.

वर न बघता बोलले. "झोपेत कळत नाही गं. तीन महिने झाले. कापूस घेऊन झोपतो, तोही पुरत नाही. तू लिहिलंस तसं सगळं करतो, फक्त हे तेवढं बसत नाही. त्याला सांगू नकोस."

झाकण मी बसवलं. उद्या दहाला त्यांना डॉक्टरांकडे नेतेय. खाली जाऊन शिंप्यांना सांगून आले, चूक माझी होती, छत आम्ही करून देऊ. संध्याकाळी नवऱ्यालाही तेच सांगितलं. "बघ, मी म्हणत नव्हतो?" म्हणाला. एकदा नाही, तीनदा.

ऐकून घेतलं.