ठरलेली नर्स

१४ जुलै, मंगळवार

प्रिय भिंगरी,

खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे. तुझे बाबा हल्ली स्वतः चहा करायला शिकलेत, म्हणजे पातेली करपवायला शिकलेत.

निवृत्त झाले तरी सध्या मी आमच्या जुन्या वॉर्डातच असते. कॅन्सरच्या ऑपरेशनचे पेशंट तसेच, खिडकीबाहेरची पाण्याची टाकी तशीच गळकी. कामाची पद्धत मात्र पार बदलली. माझ्या वेळी प्रत्येक पेशंटला एक ठरलेली नर्स असायची, दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत. आता माणसं कमी, म्हणून कामं वाटून दिलीत. एक ताप बघते, दुसरी इंजेक्शन देते, तिसरी ड्रेसिंग करते. पोरी मरमर राबतात गं, त्यांना बोल लावायला जीभ रेटत नाही. पण काल शेजारच्या बाईंना बारीक ताप होता, तो एकीने पाहिला. पोट फुगलं होतं, ते दुसरीने. दोन्ही एकत्र बघणारं कोणीच नव्हतं. शेवटी मी पडल्यापडल्या हाका मारून डॉक्टरांना बोलवायला लावलं. आतली शिवण उसवली होती. पुन्हा ऑपरेशनला नेलं, म्हणून वाचल्या बिचाऱ्या.

पडल्यापडल्या, असं लिहून बसले ना! आता लपवून काय उपयोग? त्यांच्या शेजारच्या खाटेवर मीच आहे. आतड्यात गाठ निघाली. शुक्रवारी ऑपरेशन. पोरीला कळवायचं नाही, असं बाबांना मीच दटावलं होतं, त्यांच्यावर चिडू नकोस.

ऑपरेशनची मला भीती नाही, आयुष्य त्यातच गेलं. भीती नंतरच्या दिवसांची आहे. दर वेळी नवी मुलगी येऊन विचारेल, "मावशी, बरं आहे ना?" मी सवयीने मान डोलवेन आणि ती पुढे जाईल. तिचं तरी काय चुकलं? तुझ्या बाबांना तर मी सांगेन ते खरंच वाटतं. तुला मात्र लहानपणापासून माहीत आहे, आई दोनदा "बरी आहे" म्हणाली की कुठेतरी दुखतंय. दप्तर टाकून आधी माझं कपाळ चाचपायचीस.

त्या हाताची फार आठवण येते गं. दारात पाऊल वाजलं की वाटतं, तूच आलीस.

पण तुझी नोकरी नवी, रजेचं कठीण. नाही जमलं तर जिवाला लावून घेऊ नकोस. मी बरी आहे. खरंच, बरी आहे.

तुझी,
आई