दादाच्या लेथवर

४ मार्च, सोमवार
दिवसभर मशीन सुरूच केलं नाही! दादाने आधी अंगठी काढायला लावली, मग बांगड्या, मग घड्याळ. बाह्या कोपरापर्यंत वर, केस टोपीत. "आणखी काय काढू?" म्हटलं. "जीभ राहू दे," म्हणाला, "ती कशात अडकत नाही."

कपड्यांचं दुकान बंद पडल्यापासून मी घरीच आहे. परवा दादा आपणहून म्हणाला, "वर्कशॉपला ये, लेथ शिकवतो." एरवी त्या लोखंड कातायच्या मशीनला कोणाला हात लावू देत नाही. वहिनी म्हणते, फुकटची झाडूवाली हवी असेल. असेलही.

५ मार्च
चक म्हणजे कातायचा तुकडा घट्ट धरून गरगर फिरणारा जबडा. तो आवळायला चावी असते. चावी त्यातच विसरून मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते. "कोणाला लागली होती?" विचारलं. दादाने कपाळावरचा व्रण दाखवला. मला आजवर वाटत होतं, तो लहानपणी जिन्यावरून पडला होता. आईलाही तसंच वाटतं.

७ मार्च
कातलेल्या लोखंडाचा कीस ब्लेडसारखा असतो. हातमोजे मागितले. नाही म्हणाला. मोजा चकने ओढला की मागोमाग हात जातो. "बोट कापलेलं परवडतं."
परवडलं. दोन पट्ट्या.

१२ मार्च
पहिली दांडी कातली. वीस मिलिमीटर जाडीची हवी होती, साडेअठराची झाली. घरी नेली. वहिनीने टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून रोवली. म्हणाली, "छान जमलीय."

१६ मार्च
दादाशी बोलत नाही.

१८ मार्च
काय झालं ते लिहून टाकते. मी फिरत्या चकवर वाकून बघत होते. त्याने मशीन बंद केलं आणि काम द्यायला आलेल्या पंपवाल्या गिऱ्हाइकादेखत ओरडला — "मरायचंय का?" एवढ्या मोठ्यांदा तो बाबा गेले तेव्हाही रडला नव्हता. पंपवाला उगाच छताकडे बघत बसला.
आज सकाळी दादाने माझ्यासाठी चहा आणला. साखर विसरला. प्याले.

२ एप्रिल
पंपवाल्याच्या पंपातला दांडा, शाफ्ट, मी कातला! एकटीने! त्याने मोजला, परत मोजला, मग विचारलं, "कोणी केला?" दादा म्हणाला, "आमच्याकडेच झाला." माझं नाव घ्यायला काय जात होतं?

९ एप्रिल

दुपारी दादा लेथवर होता. मी विचारलं, "हे आज द्यायचंय का?" उत्तर नाही. परत विचारलं. डोळे उघडे, पण नजर भलतीकडेच. आणि तो हळूहळू पुढे झुकायला लागला — थेट फिरत्या चकवर.
एका हाताने लाल बटण दाबलं, दुसऱ्या हाताने कॉलर धरून मागे ओढलं. दोघंही फरशीवर. तो ताठ झाला, मग झटके. कुशीवर वळवला. चक आणखी थोडा वेळ फिरतच होता.
पंपवाल्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वहिनी आली ती एका पायात भलतीच चप्पल घालून. कोणी हसलं नाही.

१० एप्रिल
डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्यांदाच आली का फिट?"
वहिनी म्हणाली, "हो."
दादा म्हणाला, "चौथ्यांदा."
"पहिली कधी आली होती?"
"हिला शिकायला बोलावलं ना, त्याच्या आदल्या आठवड्यात."
वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तो माझ्याकडे.