शेणकिडे, सरपंच आणि माझं चौथं वर्ष

तीर्थस्वरूप सुरेंद्रमामांस,

भीमपूरहून तुमच्या भाचीचा, म्हणजे चंचलचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार आहे (तुमच्यातला अर्धा काढून देऊ नका, मागच्या वेळी त्यांनी तक्रार केली होती). आम्ही इकडे सगळे बरे आहोत. पांढरकवड्याला पाऊस कसा काय? तुमची कंबर आता कशी आहे? दुकानातलं ते उंच स्टूल सोडलं की अजून त्याच्यावरच चढून बसता? फोन असताना ही पोरगी पत्र काऊन लिहून राह्यली, असं तुम्ही म्हणाल. मामा, आमच्या घरात फोन म्हणजे ग्रामसभा असते. आई स्पीकर लावते, शेजारच्या प्रयागबाई ओट्यावर येऊन बसतात, बाबा आतूनच उत्तरं देतात, आणि मला जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून कागद घेतला.

तर बातमी अशी की तुमची भाची बी.एस्सी.च्या चौथ्या वर्षात ऑनर्सचा प्रबंध करणार आहे. तीन वर्षं झाली की डिग्री घेऊन घरी येता येतं. पण ज्याला पुढं संशोधन करायचं त्यानं एक वर्ष आणखी राहायचं, एक प्रश्न धरायचा आणि त्याच्या मागं लागायचं. त्याच्या आधी प्रस्ताव लिहून समितीपुढं उभं राहावं लागतं. समितीनं हो म्हटलं तर चौथं वर्ष, नाही म्हटलं तर घरी. बाबांनी तर हिशोब सोपा करून टाकला होता. समिती नाही म्हणाली की मी बी.एड.चा अर्ज भरायचा आणि पुन्हा किड्यांचं नाव काढायचं नाही.

हो, किडे. माझा विषय शेणकिडे आहे. (मामींना हे जेवणाआधी वाचून दाखवू नका.) लहानपणापासून पाहते, आमच्या गायरानात गाईनं शेणाचा पो टाकला की काही दिवसांत तिथं नुसती भुसभुशीत माती उरते. तोच पो कपाशीच्या बांधावर पडला तर भाकरीसारखा वाळून बसतो, पावसाळा सरला तरी जात नाही. काऊन? शेण जमिनीत नेणारे किडे बांधावर कमी असतात, आणि मला वाटतं की ते कीटकनाशकाच्या फवाऱ्यामुळं कमी असतात. एवढाच माझा प्रश्न. आमच्या गाईड स्वर्णलता मॅडमना तो इतका आवडला की त्या मराठी, तेलुगू आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलल्या. बाबांना मात्र तो आवडला नाही. ते म्हणाले, "लोकाइच्या पोरी डॉक्टर होऊन राह्यल्या, अन् आमची शेण मोजून राह्यली." आणि फवाऱ्याचा पंप पाठीला लावून शेतात निघून गेले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी मुद्दाम जास्तच फवारलं.

समितीला थोडीशी तरी आकडेवारी दाखवायची म्हणून पोळा झाल्याबरोबर मी गायरानात कामाला लागले. पद्धत सोपी आहे. ताजा पो दिसला की त्याच्या कडेला प्लास्टिकचा ग्लास (ताईच्या लग्नातले उरले होते) जमिनीच्या पातळीला पुरायचा, म्हणजे येणारा-जाणारा किडा त्यात पडतो. सकाळी मोजायचे आणि सोडून द्यायचे. ग्लास कुठं पुरले ते सापडावं म्हणून प्रत्येकाजवळ बांबूची काडी रोवली आणि तिला पांढरी चिंधी बांधली. चिंध्या बाबांच्या जुन्या धोतराच्या होत्या. (हे त्यांना अजून कळलं नाही, त्यांना वाटते धोतर वाळत घातलेलं उडालं.) इकडं-तिकडं निशाण्या फडफडू लागल्या, आणि मी मोठ्या समाधानानं घरी आले.

मामा, गायरानभर पांढऱ्या निशाण्या दिसल्यावर गावाला काय वाटणार, हे मला एकदाही सुचलं नाही. प्रयागबाई सरपणाला गेल्या होत्या. त्यांनी निशाण्या पाहिल्या आणि सरपण टाकून पळत आल्या. दुपारपर्यंत गावात पक्कं झालं की सरकारनं गायरान मोजलं. कोणी म्हणे मोठा रस्ता येते, कोणी म्हणे गोदाम, आणि एका जणानं तर मंडल ऑफिसमधून पटवाऱ्याला येताना आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पटवारी त्या दिवशी आपल्या सासरी होता, पण विचारतं कोण? संध्याकाळी सगळं गाव मारुतीच्या पारावर जमलं. सरपंच खुशालराव मधे उभे, हातात माझ्या उपटलेल्या काड्यांचा भारा. बाबा पहिल्या रांगेत होते आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच बोलत होते की गायरानातला एक ढेकूळही सरकारला देणार नाही. मी गर्दीतून वाट काढत पुढं गेले.

मी म्हटलं, "काका, त्या निशाण्या माझ्या आहेत."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग काड्यांच्या चिंध्यांकडं, आणि मला वाटलं की आता धोतर ओळखतात. पण खुशालराव मधे बोलले. "तुह्या? तू कवापासून सर्वेवाल्यांत गेली?"

मी शेणकिड्यांचं सगळं सांगितलं. सांगताना माझ्याच लक्षात येत होतं की हे किती खोटं वाटते. कोणीतरी मागून म्हणालं की पोरीला सरकारनं फितवलं. मग मी शेवटचा उपाय केला. माझ्याजवळच्या डबीत सकाळचा एक मोठा काळा किडा होता, मॅडमना दाखवायला ठेवलेला. पाराखाली बैलाचं शेण पडलं होतं, त्याच्यावर मी तो सोडला आणि म्हटलं, आता पाहा, हा गोळी करून ढकलत नेईल. सगळं गाव वाकून पाहू लागलं. किडा हलला नाही. एवढे लोक पाहत असताना कोणाचं काम होते? मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले. तेवढ्यात त्यानं पंख उघडले, भर्रकन उडाला, आणि सरळ जाऊन खुशालरावांच्या शर्टाच्या खिशात घुसला.

खुशालरावांनी खिसा झटकला, टोपी झटकली, पाराभोवती एक चक्कर मारली. प्रयागबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "शेण सोडून तुह्याकडं आला रे खुशाल! त्याले बराबर वास लागला." आणि मामा, जे गाव भांडायला आलं होतं ते पोट धरून हसू लागलं. खुशालरावही शेवटी हसले. किडा त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या डबीत घातला आणि निकाल दिला, "सरकारी माणूस इतका येडा नसते. पोरगी खरं सांगून राह्यली."

इथं माझी गोष्ट सुखानं संपायला पाहिजे होती. पण गावानं आता माझं संशोधन मनावर घेतलं. मी काड्या पुन्हा रोवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर नाल्याच्या अलीकडच्या सगळ्या निशाण्यांभोवती खुशालरावांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. शिवाय पाटी: शास्त्रीय काम चालू आहे, जनावरे आणू नये. त्यांच्या मनात माझ्या ग्लासांवर कोणाचं ढोर पाय देऊ नये एवढंच होतं. पण ढोर नाही तर शेण नाही, आणि शेण नाही तर किडा कशाला येईल? कुंपणातल्या ग्लासांत मला मुंग्या मिळाल्या आणि एक बेडूक, तोही रागावलेला. नाल्यापलीकडं काटे पुरले नाहीत, म्हणून तिथले ग्लास तेवढे भरत राहिले. कुंपण काढा म्हणायला माझी जीभ रेटेना. ज्या माणसाच्या खिशात किडा गेला त्यानं काट्यांनी हात ओरबाडून घेतले होते.

समितीच्या दिवशी आदिलाबादला जाताना बसमध्ये मी खिडकीतून बाहेरसुद्धा पाहिलं नाही. अर्धी आकडेवारी शून्य. समितीत बाहेरून आलेले एक वयस्कर सर होते, चष्म्यावरून पाहणारे. त्यांनी शून्यांवर बोट ठेवलं आणि हिंदीत विचारलं की इथं काय झालं. मी खोटं बोलायचं ठरवून गेले होते (पावसानं वाहून गेलं असं सांगणार होते), पण तोंडातून कुंपण, पाटी, बेडूक, खिसा, सगळं खरं निघालं. स्वर्णलता मॅडमनी कपाळाला हात लावला. सर मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसून म्हणाले की बेटी, तुझ्या सरपंचानं तुला तुलनेसाठी जागा करून दिली. जनावरं येतात तिथं काय होते आणि येत नाहीत तिथं काय होते, हे दोन्ही आता तुझ्याजवळ आहे. ते कुंपण काढू नको, प्रबंधात घाल.

प्रस्ताव मंजूर झाला, मामा! मी घरी येऊन सांगितलं. आईनं साखर तोंडात घातली. प्रयागबाईंनी पेढे आपणच आणले आणि आपणच जास्त खाल्ले. बाबासुद्धा खूश झाले. तुमचा आशीर्वाद असू द्या, कंबरेची काळजी घ्या, आणि मामींना पुन्हा एकदा वेगळा नमस्कार.

तुमची लाडकी,
चंचल

ता. क. बाबा खूश झाले असं वर लिहिलं ते पुरतं खरं नाही. ते "बरं" म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांना आईनं आधीच पाणी दाखवलं होतं.

ता. क. आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते. त्या सरांनी शेवटी विचारलं की फवारा अजिबात न मारलेली कपाशी पाहायला कुठं मिळेल, नाहीतर तुझा प्रश्न अर्धाच राहील. मामा, माझ्या तोंडातून निघून गेलं की आमच्या बाबांचं एक एकर आहे ना, ते कबूल झाले आहेत. मॅडमनी लगेच लिहून घेतलं. बाबांना यातलं काही माहीत नाही. एक एकर कपाशी वर्षभर किड्यांच्या भरवशावर सोडायची, हे त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू? ते तुमचंच ऐकतात. एक फोन करा, माझं नाव न घेता. हे पत्र टपालात टाकायला बाबांच्याच हाती देते, ते आज बाजाराला जाऊन राह्यले.

ता. क. सुरेंद्र, पाकीट चिकटलं नव्हतं. डिंक लावाले बसलो अन् वाचलं. धोतराचं मंग पाहू. एक एकर देतो, पण नाल्याकडचा नाही, तिथं पाणी तुंबते अन् तिचे किडे बुडतीन. वरचा देतो, काळ्या मातीचा. तू फोन कर मात्र. मी पहिले चिडल्यावाणी करीन, मंग तुयं ऐकीन. तिले वाटू दे मामानं काम केलं. अन् त्या किड्याले पुस्तकात काय नाव हाये ते तिले सहज विचारून मले सांग. ज्याच्यासाठी फवारा बंद करून राह्यलो त्याचं नाव तरी मले माहीत पाह्यजे. — सुधाकर