माझ्या रक्ताचं माप

१४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! मून नदीच्या काठी खांबांवरचं लाकडी घर, खाली बांधलेली म्हैस, सगळीकडे नव्या भाताचा वास. घरमालकीण बुआफान आणि तिचा नवरा थोंगदाम, नदीवर जाळं टाकणारा. आयुष्य बँकॉकच्या प्रयोगशाळेत गेलं, आणि इथे ईसानात, थायलंडच्या ईशान्य भागात, परतल्यावर पहिल्याच जेवणाला समोर कोय प्ला: कच्चा मासा बारीक चिरून, लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाचं कूट. कॉन्व्हेंटमधून सुट्टीला घरी आले की आई हेच करायची. बँकॉकलाही कुणी गावाकडून आणलं तर मी कधी सोडलं नाही.
ह्याच माशातल्या कृमींमुळे पित्तनलिकेचा कर्करोग होतो, हे सांगायला तर मी आलेय. सांगितलंही.
"लिंबाने मासा शिजतो, मावशी," बुआफान म्हणाली. "बँकॉकने तुमची जीभसुद्धा इस्त्री केली की काय?"
सगळे हसले. मी चिकट भाताचा गोळा बुडवलाच. आई आठवली.
तळहातांना खाज सुटलीय. प्रवासाची धूळ असणार.

२३ नोव्हेंबर
तपासणी सुरू. पित्ताची वाट अडली की एक एन्झाइम रक्तात वाढतं. रक्तातलं निवळ पाणी औषधात घालायचं. एन्झाइम जितकं जास्त, तितका पिवळा रंग गडद. ही चाचणी माझ्यासाठी नवी, म्हणून निरोगी माणसाची नळी शेजारी ठेवून ताडून बघायचं. तालुक्याहून आलेली निरोगी रक्ताची कुपी उन्हाने नासली होती. मग आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांची जुनी सवय: स्वतःचंच रक्त काढलं.
जवळजवळ साऱ्या नळ्या माझ्यासारख्याच निघाल्या. देवाची कृपा! थोंगदाम अंगाच्या खाजेसाठी शहरातल्या मोठ्या इस्पितळात निघाला होता. त्याचीही नळी हुबेहूब माझ्यासारखी. जायची गरज नाही, असं मी सांगितलं.
"ऐकलंस?" बुआफान त्याला म्हणाली. "शहर बघायचं नाटक पुरे. जाळं उचल."

१९ डिसेंबर
थोंगदामचे डोळे पिवळे झालेत. पोट फुगलंय. शहरातल्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. उशीर झाला म्हणाले.
गावात कुजबुज आहे. पीपॉप आलंय म्हणतात, माणसाच्या अंगात शिरून काळीज-यकृत कुरतडणारं भूत. गावात नवीन कोण आलंय, असंही विचारतात. मी दिसले की बाया मुलांना आत ओढतात.
बुआफान एकटी माझ्या बाजूने भांडली. "मावशी भूत असत्या, तर त्यांचं रक्त आपल्यासारखं निघालं असतं का?"

२७ डिसेंबर
तालुक्याहून बर्फात ठेवलेली नवी कुपी आली. आज तिची नळी माझ्या नळीशेजारी ठेवली.
तिची पाण्यासारखी. माझी पिवळी.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
शिवणाच्या तासाला सिस्टर म्हणायच्या, कापड कापण्याआधी पट्टी तपासा. मी पट्टी तपासली नाही. माझ्यासारखे म्हणून ज्यांना घरी पाठवलं, ते सगळे— माझ्यासारखेच.

२९ डिसेंबर
थोंगदाम गेला.
दारोदार फिरले. पुन्हा रक्त द्या, म्हटलं. कुणी दार उघडलं नाही. एक म्हातारी आतून ओरडली, पोट भरलं नाही का अजून तुझं?
तिला काय सांगू. चुकलीस, असं म्हणवलं नाही.

३ जानेवारी
आरशात डोळ्यांचा पांढरा भाग— खिडकी बंद केली. मग उघडली. तोच रंग.
जपमाळ हातात धरवत नाही. खाजवून तळवे सोलले.
गावाने भूत उतरवायला मांत्रिक बोलावलाय. त्याने माझ्या जिन्याला पांढरा दोरा बांधलाय. मी उतरू नये म्हणून.

४ जानेवारी
सकाळ. बुआफान दोरा ओलांडून वर येतेय. हातात ताटली. लिंबाचा वास.
जिन्यातूनच बोलतेय. "गावाने मला सांगितलं, मावशीकडे जाऊ नकोस, तुलाही खाईल. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? माझी नळी तर मावशींच्या नळीसारखीच होती. होती ना, मावशी?"
ती दारात आहे. हसतेय. मला सांगायलाच हवं. हो बुआफान, तुझी अगदी माझ्यासार—