आई कॅमेऱ्याशी बोलली

नोमुका, टोंगा
३ मार्च २००९

चि. कितिओने यास अ. उ. आ.

आईचा आवाज बसत चाललाय. घशातली गाठ आता काढण्यापलीकडे गेली, असं डॉक्टर म्हणतात. तुला रजा मिळत नाही ना, मग निदान व्हिडिओ कॅमेरा तरी पाठव. साधाच घे, पण आवाज नीट धरणारा. तिला तुझ्याशी काही बोलायचंय. फोनवर शेजारीपाजारी कान लावून बसतात, म्हणून ती गप्प राहते. आपल्यात भाऊ बहिणीचा शब्द खाली पडू देत नाही, एवढं तिकडच्या थंडीत विसरला नसशील. माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
कालोलाइने

मांगेरे, ऑकलंड
२४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

कॅमेरा पाठवलाय. साधा होता दुकानात, पण अगदीच ठोकळा गं! ह्यात चित्रासारखे रंग आहेत, जुन्या सिनेमासारखं काळंपांढरं आहे, आणि टाइमलॅप्स! आई झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसली की दिवसभराचं काम चुटकीसरशी पळतं. इथे माझ्या कारखान्यातली मंडळी बघून थक्क होतील. तुला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मीच सगळं लावून ठेवलंय. फक्त लाल बटण दाब, बाकी कशाला हात लावू नकोस. आईला म्हणावं, पोटभर बोल. राग नसावा.

तुझा लाडोबा,
कितिओने

नोमुका
१९ मे

चि. कितिओने यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

आईच्या मातीला आला नाहीस, आणि वर फोन करून मलाच विचारतोस, मी पाठवलेल्या कार्डात आवाज का नाही? शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं. तू लावून ठेवलेल्या त्या टाइमलॅप्समध्ये आवाज धरलाच जात नाही.

त्या दिवशी आई नवी चटई अंथरून, फुलांचा हार घालून कॅमेऱ्यासमोर बसली. मी लाल बटण दाबलं, तशी तिने मला बाहेर घालवलं. लेकाशी बोलायचं ते त्याच्या बहिणीने ऐकायचं नसतं. मी लांब नीरफणसाखाली जाऊन बसले. दुपारभर ती बोलत होती. बाहेर आली ती हसत. म्हणाली, सगळं सांगून टाकलं त्याला, मोकळी झाले. त्यानंतर तिचा आवाज उमटलाच नाही.

मास्तरांनी शाळेत एक प्रत ठेवून घेतली होती, ओठांवरून काही कळेल म्हणून ती मी पुन्हा पुन्हा बघितली. काही कळत नाही, इतकी पळते आई. शेवटी हात पुढे करून तुझा गाल कुरवाळते, तेही पापणी लवायच्या आत.

लोभाचं यावेळी लिहीत नाही. कॅमेरा परत पाठवतेय. कारखान्यातल्या मंडळींना दाखव, थक्क होतील.

कालोलाइने