श्रीमती अठ्ठ्याहत्तर यांचे प्रमाणपत्र

वरोरा, रविवार

चि. मंजुषा हिला अश्वजितकाकाचा सप्रेम जयभीम. तिकडे हैदराबादला नवी खुर्ची घेतल्यापासून तुझी पाठ दुखायची थांबली का? इकडे सारे ठीक. तुझी ठमाबाई आजी, म्हणजे माझी आई, माझ्यावर रुसली आहे, बाकी प्रकृती उत्तम.

रुसव्याचे कारण फोनवर मी तुला अर्धेच सांगितले होते (वक्त्याला स्वतःची फजिती थोडक्यात आटोपावी लागते). विहारातल्या वाचनवर्गाच्या चौदा बायांसाठी तू प्रमाणपत्रे छापणारा प्रोग्राम करून दिलास. एक वाक्य, त्यात दोन रिकाम्या जागा, पहिलीत नाव, दुसरीत वय. यादी मी भरली. आता आपल्या विहाराच्या वहीत आधी वय लिहितात आणि मग नाव, कारण थोरल्या बाया पुढे बसतात. (ही पद्धत मीच पाडली, समतेवर दीड तास बोलून.) मी तशीच यादी दिली आणि यंत्राने मुकाट्याने छापली. समारंभात मी ज्ञानाच्या मुक्तीवर पाऊण तास बोललो आणि त्याच भरात वाचून गेलो, की श्रीमती ७८ यांनी वयाच्या ठमाबाईव्या वर्षी वाचन शिकून घेतले. टाळ्या पडल्या! एकट्या आईने कागदावर बोट फिरवत सगळे वाचले आणि माईकसमोरच विचारले, "काऊन रे अश्वजित, माह्यं नाव कुठी हाय? हे अठ्ठ्याहत्तर कोन व्हय?" भरल्या विहारात खरे वाचता येणारी ती एकटीच निघाली. आपली माणसे नुसत्या आकड्यात मोजली जातात म्हणून मी चाळीस वर्षे गर्जतो आहे, आणि आईला स्वतःचे नाव वाचता आले त्याच दिवशी मी तिच्या हातात आकडा ठेवला.

तू म्हणालीस, चूक माझ्या एकट्याची नाही. तुमच्या त्या प्रोग्रामच्या भाषेतला तपासनीस फक्त जागा भरल्या की नाही ते मोजायचा, नावाच्या जागी आकडा आला तरी बघायचा नाही. तीन आठवडे रोज ऑफिसातून आल्यावर बसून तू तो दुरुस्त केलास आणि ती भाषा सांभाळणाऱ्यांनी तुझी दुरुस्ती घेतली. मी जुनीच यादी पुन्हा लावून पाहिली. एकही कागद छापण्याआधी चौदाही ओळी परत! मी पेटलो. प्रवेश नाकारणाऱ्यांशी जन्मभर भांडलो, ते काय घरच्या पोरीकडून हे पाहायला? त्यावर तू शांतपणे म्हणालीस, "काका, दार उघडंच हाय. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसू नका, एवढंच म्हनून राह्यली मी." इतके थोडक्यात मला कधी जमले नाही. मुकाट्याने रकाने बदलले. तेरा प्रमाणपत्रे निघाली, आईचे अडले, कारण रकाने बदलताना मी तिच्या वयापुढे 'अंदाजे' लिहिले होते. ते खोडल्यावर तिचेही निघाले. नाव अगदी जागेवर आहे.

तुझा काका,
अश्वजित

ता. क. तेरा जणींनी आपापली प्रमाणपत्रे नेली. आई माझ्या हातून घ्यायला तयार नाही, नातीच्याच हातून घेईन म्हणते. म्हणून हे पत्र. दोन दिवस सुट्टी काढ.

ता. क. खालची ओळ तिने स्वतः लिहिली आहे. मी एक अक्षर सुधारलेले नाही, आशय मान्य नसूनही.

मंजुषा ये. काका बोलनार नाई.